कुंकवाची तिरकी रेघ

खंडेनवमीच्या सकाळी मी कॉलेजात पोचले, तोवर माझ्या एकोणीसशे कार्डांची पूजा होऊन गेली होती.

टेबलावर माझा तो लांबलचक गठ्ठा दोन लाकडी फळ्यांमध्ये सुतळीने आवळून ठेवला होता. शेजारी झेंडूचं एक फूल. आणि गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुंकवाची लालभडक रेघ. समोर तातोबा शिपाई उभे. त्यांच्या एका हातात कुंकू कालवलेली वाटी होती, दुसऱ्या हातात माझी फूटपट्टी.

"तातोबा! हे काय करून ठेवलंत?"

"पूजा," तातोबा शांतपणे म्हणाले. "खंडेनवमी न्हवं का आज. समद्या हत्यारांची पूजा असती."

"फूटपट्टी घेऊन?"

"रेघ वाकडी गेली तर बरं दिसतंय व्हय?"

"गेलीच आहे की वाकडी! इकडून डाव्या कोपऱ्यातून निघाली आणि तिकडे उजव्या कोपऱ्यात जाऊन पडली!"

"वाकडी न्हाई बाई, तिरकी हाय," असं म्हणून त्यांनी फूटपट्टी धोतराच्या सोग्याला पुसली, जागच्या जागी ठेवली आणि ते बिडी ओढायला बाहेर निघून गेले.

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. वर्कशॉपमधल्या लेथला हार घाला, ड्रिलला घाला, फार तर ऑफिसातल्या टाइपरायटरला कुंकू लावा, माझी ना नव्हती. पण ही कार्डं दोन दिवसांनी पुण्याला कॉम्प्युटरच्या तोंडात जायची होती, आणि तो कॉम्प्युटर कुंकू खातो की नाही हे मला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली. तेव्हा कॉम्प्युटर ही वस्तू खिशात तर सोडाच, अख्ख्या कोल्हापुरात नव्हती. निदान आमच्या कॉलेजात नव्हती. आमच्याकडे होतं ते फक्त कार्डांना भोकं पाडणारं यंत्र. टाइपरायटरसारखं दिसायचं आणि त्याच्या चौपट खडखडायचं. आपण एक ओळ टाइप केली की जाड कागदाच्या कार्डाला तेवढी भोकं पडायची, वरच्या कडेला तीच ओळ बारीक अक्षरात छापून यायची. एका कार्डावर एक ओळ. अशी शेकडो कार्डं ओळीने लावली की तयार झाला प्रोग्रॅम. तो गठ्ठा बगलेत मारायचा आणि जिथे कॉम्प्युटर असेल त्या गावाला जायचं.

यंत्र आमच्या प्राचार्यांनी, ढवळे सरांनी, हट्टाने वर्षभरासाठी भाड्याने आणलं होतं. ते चालवायला म्हणून मला, कुमारी वैजयंती शिंत्रे, बी. एस्सी. गणित, हिला तात्पुरत्या जागेवर घेतलं होतं. दुसऱ्यांनी लिहून दिलेलं टाइप करायचं एवढंच माझं काम. पण लिहून देणारं कोणी नव्हतंच! पहिले तीन महिने मी नुसती यंत्रावरची धूळ पुसली. मग लायब्ररीतलं एक पुस्तक आणून स्वतःच शिकले आणि स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. पंचगंगेला पूर येतो तेव्हा वरच्या गावांना पाणी चढल्यावर आमच्या घाटावर ते किती तासांनी पोचतं, याचं गणित. पाटबंधारे खात्याच्या जुन्या वह्यांमधून आकडे उतरवून घेताना माझी बोटं शाईने निळी झाली होती.

ढवळे सरांनी ते गणित वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मागच्या पुराचे घाटावरचे आकडे यात घालू नका. कॉम्प्युटरलाच विचारा, तेव्हा पाणी घाटाच्या कमानीला किती तासांनी लागलं ते. मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. कॉम्प्युटरला नाही. त्याने बरोबर सांगितलं तर आपलं कार्डांचं यंत्र राहील."

"आणि चुकीचं सांगितलं तर?"

"तर महिनाअखेरीला ते परत जाईल. मॅनेजमेंटने मला तसं बजावलंय. आणि यंत्रच नसेल तर..."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. यंत्र गेलं की मीही गेले. मग निपाणीला आमच्या काकांच्या ओळखीने शाळेत क्लार्कची जागा तयारच होती. घरात सगळे त्या जागेचं इतकं कौतुक करत, की तिचं नाव निघालं की मला जेवण जात नसे.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने चार महिने पत्रं लिहून घेतल्यावर आम्हाला त्यांच्या कॉम्प्युटरवर अर्धा तास दिला. दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा ते साडेअकरा. पत्रात खाली लाल शाईने अधोरेखित केलं होतं, 'वेळ वाढवून मिळणार नाही.'

एकटी मुलगी पुण्याला कशी पाठवायची, म्हणून सरांनी तातोबांना सोबत दिलं. तातोबा तेव्हा पंचावन्नच्या घरातले. आमच्याकडे शिपाई म्हणून लागण्याआधी त्यांची पंचवीस-तीस वर्षं शाहूपुरीतल्या एका छापखान्यात बाइंडर म्हणून गेली होती. छापखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे आले. त्यांच्या उजव्या अंगठ्याला सुईदोऱ्याचा घट्टा होता आणि बोलण्यात सारखा छापखाना. मी कार्डं टाइप करत होते तेव्हा ते रोज माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

"बाई, ह्येला पानाचा आकडा कुठं असतो?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"याला आकडा लागत नाही, तातोबा."

"मंग म्होरं कुठलं आन मागं कुठलं ह्ये कळायचं कसं?"

"यंत्राला कळतं," मी ऐटीत म्हणाले होते. "तुमच्या छापखान्यासारखं नसतं ते."

"आसं व्हय," एवढंच म्हणून ते गेले होते.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. गठ्ठा पत्र्याच्या डब्यात आणि डबा माझ्या मांडीवर. कऱ्हाडला तातोबा म्हणाले, जरा माझ्याकडं द्या. मी दिला नाही. साताऱ्याला म्हणाले, च्या पिऊन या, मी संबाळतो. मी चहासुद्धा डबा घेऊनच प्यायले. कुंकवाचा राग गेला नव्हता. सगळी वाट मी एकच विषय धरून बसले होते.

"देवळात कधी जाता का हो तुम्ही?"

"न्हाई."

"वर्कशॉपच्या पूजेला दर वर्षी मागच्या मागे पसार होता."

"व्हतो."

"मग माझ्याच कार्डांवर एवढी भक्ती कशी उतू गेली?"

तातोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय सांगावं बाई, वय झालं."

सोमवारी दहा वाजता आम्ही संस्थेत हजर. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता. धूळ जाऊ नये म्हणून खोलीबाहेरच चपला काढायच्या. काचेतून मला तो पहिल्यांदा दिसला. कपाटांएवढाली करड्या रंगाची खोकी, मिचमिचणारे दिवे, आणि आतली हवा इतकी गार की काचेला हात लावला तरी कळावं. आयुष्यात मी ज्याच्यासाठी काहीतरी लिहिलं होतं, तो हा असा समोर उभा होता. मी कपाळ काचेला टेकवून बघत राहिले. आजही तो क्षण आठवला की ती काच कपाळाला गार लागते.

तिथले प्रमुख केतकर साहेब उंच, सडसडीत, खिशाला चार पेनं लावलेले. त्यांनी डबा उघडला, सुतळी सोडली, फळी बाजूला केली आणि कडेकडे बघून भुवया वर केल्या.

"हे काय आहे? लग्नाची पत्रिका?"

मी मान खाली घातली. "साहेब, खंडेनवमी होती. आमच्याकडे चुकून..."

"पत्रिका पोस्टाने पाठवतात, शिंत्रेबाई. आमच्या यंत्रात कार्डं लागतात. मिनिटाला चारशे कार्डं वाचणारं यंत्र आहे हे. त्यात कुंकवाचा भुगा गेला तर पुढचे आठ दिवस मी ते झाडत बसायचं का? कोरडं फडकं घ्या, हे सगळं पुसून आणा. अकराला तुमची वेळ सुरू होते. साडेअकराला संपते."

"पुसते साहेब, आत्ता पुसते." मी तातोबांकडे वळले. "ऐकलंत ना? पुसा."

तातोबांनी गठ्ठा उचलला, कडेवर दोन फुंकरा मारल्या, तळव्याने हलकेच झटकला. वरचा भुगा उडाला. रेघ होती तिथेच, थोडी फिकी.

"झालं की," ते म्हणाले. "आता काय निघंना ह्यातून. कागदात मुरलंय त्ये."

"ओल्या फडक्याने निघेल."

"वलं नगं बाई. कार्ड फुगतंय."

"मग जराशा ओल्या फडक्याने!"

"ऱ्हाऊ द्या म्हंतो मी."

"तातोबा, माझी नोकरी जातेय आणि तुम्हाला ती रेघ ठेवायचीय?"

ते गठ्ठा काही हातातून सोडेनात. मग मात्र माझा तोल गेला. मी तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला आणि खालच्या नळाकडे जायला तशीच अनवाणी जिन्याकडे धावले. जिन्यावर कोणीतरी नुकतंच ओलं फडकं मारून गेलं होतं. दुसऱ्या पायरीवर माझी टाच सटकली.

मला लागलं की नाही ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एकोणीसशे कार्डं फडफडत खाली गेली. काही कठड्यावरून, काही पायऱ्या-पायऱ्यांनी, काही पार खालच्या व्हरांड्यात. शेवटचं एक कार्ड बऱ्याच वेळाने सावकाश घसरत गेलं आणि व्हरांड्यातल्या कुंडीला टेकून उभं राहिलं.

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आता एक गोष्ट कबूल करते. आजवर ही फार थोड्यांना सांगितली आहे. कार्डांना आकडा लागत नाही, हे मी तातोबांना धडधडीत खोटं सांगितलं होतं. पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलं होतं, की प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या आठ घरांत क्रमांक घालावा, म्हणजे गठ्ठा विस्कटला तर पुन्हा लावता येतो. पण एकोणीसशे कार्डांना क्रमांक घालायचे म्हणजे अख्खा एक दिवस यंत्रापुढे बसायचं. मला कंटाळा आला. मी मनाशी म्हटलं, विस्कटेल कशाला? आपण काय लहान आहोत पाडायला?

मी पायरीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. दुसरा शब्द नाही त्याला. तेवीस वर्षांची पदवीधर बाई पुण्यातल्या संशोधन संस्थेच्या जिन्यात बसून भोकाड पसरून रडत होती.

तातोबा खाली उतरून कार्डं वेचायला लागलेसुद्धा होते.

"बाई, रडू नगा. कार्डं भिजत्याली."

"आता कशाला वेचताय? एक कार्ड इकडचं तिकडे झालं तरी यंत्र पुढे जात नाही. इथे एकोणीसशे आहेत!"

"हितं या. ह्ये बगा." त्यांनी एक कार्ड माझ्या डोळ्यांपुढे आडवं धरलं. वरच्या कडेवर, डाव्या कोपऱ्याला चिकटून, तांबडा ठिपका होता. "आन आता ह्ये." दुसऱ्या कार्डावर ठिपका मधोमध. तिसऱ्यावर पार उजवीकडे.

मी डोळे पुसून बघत राहिले.

"रेघ तिरकी हाय न्हवं," तातोबा म्हणाले. "पयल्या कार्डाला डावीकडनं निघाली, शेवटच्याला उजवीकडं पोचली. म्हंजी ज्येचा ठिपका जितका उजवीकडं, त्येवढं त्ये मागचं. एका बोटाच्या रुंदीचा एक ढीग लावा. पयलं ढीग करायचं, मंग ढिगात बारीक बगायचं. चला, उटा."

मी उठले. उठले म्हणजे काय, तीनतीन पायऱ्या उतरत खाली गेले. आम्ही व्हरांड्याच्या फरशीवर डावीकडून उजवीकडे बारा ढीग मांडले. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेला असायचा, त्यामुळे उलट-सुलट लगेच कळायचं. तातोबांचा हात काय चालत होता! पंचवीस-तीस कार्डं पत्त्यांसारखी पंखा करून धरायचे, नजर फिरवायचे आणि पटापटा ज्याच्या त्याच्या ढिगावर टाकायचे. माझी पाच होईतो त्यांची पन्नास व्हायची.

"बाई, अक्षरं वाचू नगा. नुस्ता ठिपका बगा. वाचत बसलं की हात थांबतोय."

दहा-चाळीसला वरून पावलं वाजली. केतकर साहेब जिन्यात उभे होते. त्यांनी पसारा बघितला, बारा ढीग बघितले, तातोबांचा हात बघितला. एक कार्ड उचलून त्याची कड डोळ्यांजवळ नेली. मग पँट वर ओढून फरशीवर मांडी घातली.

"उजवीकडचे ढीग मी घेतो," ते म्हणाले.

"घ्या," तातोबा म्हणाले, "पर शेवटच्या दोन ढिगांत हात घालू नगा सायेब. तितं रेघ जरा जाड झालीया, मी बगतो."

एवढ्या मोठ्या साहेबाला आमचा शिपाई सांगत होता आणि साहेब ऐकत होते. त्या घाईतही मला हसू फुटलं.

ढीग झाल्यावर एकेका ढिगात बारकाईने. ठिपके अगदी एकाखाली एक येणारी दहा-बारा कार्डं असली, तर त्यांचा क्रम मी कार्डावरची ओळ वाचून लावत होते. एवढं मला तोंडपाठ होतं. मीच लिहिलं होतं ना! तातोबा ठिपका सांगायचे, मी ओळ सांगायची, केतकर साहेब मधूनमधून घड्याळ सांगायचे. "दहा पंचावन्न." "अकरा पाच." त्यांच्या आवाजातला कडकपणा दर वेळी थोडा कमी होत होता.

अकरा-आठला सगळे ढीग एकावर एक चढले. तातोबांनी गठ्ठा दोन्ही हातांत धरून फरशीवर ठोकला, चारी बाजूंनी सारखा केला, मग उचलून एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली. रेघ परत आली होती! डाव्या कोपऱ्यातून निघून उजव्या कोपऱ्यापर्यंत, जशी खंडेनवमीला होती तशी.

"थांबा," ते म्हणाले. "हितं मोडलीया." नखाने दोन कार्डं वर ओढली, चार बोटं मागे नेऊन खुपसली. पुन्हा बघितलं. "आन हितं." अजून एक. "हां. आता न्या."

मी गठ्ठा हातात घ्यायला पुढे झाले आणि तिथेच थांबले. "तातोबा," मी म्हणाले, "तुम्हीच न्या."

जिना चढताना त्यांनी एकदाही पायरीकडे बघितलं नाही, गठ्ठ्याकडेही नाही. सरळ समोर बघत गेले. चपला काढल्या, काचेच्या खोलीत शिरले आणि केतकर साहेबांनी दाखवलेल्या यंत्राच्या तोंडाशी कार्डं ठेवून पुन्हा काचेबाहेर जाऊन उभे राहिले.

यंत्र कार्डं वाचायला लागलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सगळी शाळा एकाच वेळी पानं उलटतेय असा. शंभर, दोनशे, पाचशे, आणि मध्येच खट्! थांबलं.

"कुंकू," मी पुटपुटले.

केतकर साहेबांनी झाकण उघडून आतलं कार्ड काढलं. कुंकू नव्हतं. कार्डाचा कोपरा चुरगळला होता. त्यावर माझ्या टाचेचा ओला शिक्का स्पष्ट उमटलेला.

"हे तुमचंच, शिंत्रेबाई," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. पलीकडच्या टेबलावर त्यांनी त्याची नवी नक्कल काढायला लावली, जागच्या जागी घातली. अकरा वीस. पुन्हा ती खडखड. सगळी कार्डं गेली. मग यंत्र गप्प झालं, नुसते दिवे मिचमिचत राहिले. अकरा चोवीस. अकरा पंचवीस. मी बोटं इतकी घट्ट आवळली होती की नखांच्या खुणा तळव्यांवर दुपारपर्यंत होत्या.

अकरा सत्तावीसला छपाईचं यंत्र एकदम जागं झालं आणि हिरव्या पट्ट्यांचा रुंद कागद धाडधाड बाहेर यायला लागला. केतकर साहेबांनी तो फाडून माझ्या हातात दिला. खाली शेवटच्या ओळीत एकच आकडा होता.

साडेसतरा.

काचेपलीकडून तातोबांनी हातानेच विचारलं, काय झालं? मी धावत बाहेर गेले.

"साडेसतरा तास!"

"आन खरं किती?"

"अठरा!"

"मंग अर्धा तास चुकलं की त्ये."

"तातोबा, अर्धाच तास! एवढ्या लांबून येणारं पाणी, आणि फक्त अर्धा तास!"

त्यांनी क्षणभर विचार केला. "ब्येस," ते म्हणाले. "आपल्या यष्टीपरीस लई ब्येस."

मी त्यांच्या पाया पडले. तिथेच, काचेसमोर, सगळ्या साहेबलोकांच्या देखत. ते इतके दचकले की मागे सरकताना चपलांच्या ढिगात जाऊन पडता पडता वाचले.

निघताना केतकर साहेब फाटकापर्यंत आले. "शिंत्रेबाई, परदेशात मी शिकत होतो तेव्हा तिथले लोक गठ्ठ्यावर अशीच तिरकी रेघ मारायचे. रंगीत पेनाने. इथे येऊन मी ते विसरूनच गेलो होतो. तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी तातोबांकडे बोट दाखवलं.

"आन मला म्हादू बाइंडरनं," तातोबा म्हणाले. "त्येला कुणी शिकवलं ठावं न्हाई. त्यो मेला."

परतीच्या गाडीत मला बसवत नव्हतं. साताऱ्याला उतरून मी अर्धा किलो कंदी पेढे घेतले. पहिला पेढा तातोबांच्या हातावर ठेवला आणि सकाळपासून डोक्यात घोळणारा प्रश्न विचारला.

"तातोबा, खरं सांगा. ती पूजा होती का?"

त्यांनी पेढा सावकाश खाल्ला. बोटं पुसली.

"छापखान्यात फर्मे यायचे, मोटमोटं कागद घडी घातल्यालं. पानाचा आकडा असला तरीबी म्हादू गठ्ठ्याच्या पाटीवर तिरकी रेघ मारायचा. म्हनायचा, कागुद कवा ना कवा पडतोच. तुमच्या कार्डाला तर आकडाबी न्हाई. माजा जीव खालीवर व्हायचा बगून. इचारलं तर तुमी म्हनला, यंत्राला कळतं."

"मग सरळ सांगायचं! तातोबा, मला म्हणायचं, की बाई, पेन्सिलीने रेघ मारून ठेवू का?"

"मारू दिली आसती?"

दिली नसती. बाइंडरने मला शिकवायचं? मी हसले असते, आणि चार जणांना तो किस्सा सांगून हसवलं असतं.

"म्हनून खंडेनवमीपातूर थांबलो," तातोबा म्हणाले. "देवाच्या नावानं वढली रेघ. देवाच्या रेघंला कोन न्हाई म्हनतंय? लई तर पुसाया सांगत्याली. कागदात मुरल्यालं कुंकू पुसतंय व्हय कुटं!"

मी हसायला लागले. आधी थोडं, मग इतकं की कंडक्टरने वळून बघितलं. तातोबाही हसत होते, पण खिडकीबाहेर बघून.

यंत्र राहिलं. मीही राहिले, पुढे चौतीस वर्षं. ढवळे सरांनी तो हिरव्या पट्ट्यांचा कागद फ्रेम करून ऑफिसात लावला. निपाणीच्या शाळेतल्या जागेवर माझा चुलतभाऊ लागला आणि सुखी झाला.

पण पुण्याहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. सकाळी नऊला मी स्टेशनरीतून एक नवीकोरी लाल पेन्सिल आणली आणि तातोबांपुढे धरली.

"यापुढे प्रत्येक गठ्ठ्यावर रेघ तुम्ही मारायची," मी म्हणाले. "पेन्सिलीने, उघडपणे."

त्यांनी पेन्सिल घेतली नाही.

"रेघ आळशाला. आदी आकडं घाला."

"एकोणीसशे?"

"एकोणीसशे."

मी यंत्रापुढे बसले आणि एकेका कार्डाची आकडा घातलेली नवी नक्कल काढायला लागले. तातोबा शेजारी स्टूल घेऊन बसले आणि निघेल ते कार्ड हातात घेऊन आकडा बघायला लागले. एक. दोन. तीन. दुपारी त्यांनीच माझ्यासाठी चहा आणला. चारला माझ्या बोटांना गोळे आले, तेव्हा म्हणाले, "दमा जरा," पण उठू दिलं नाही. साडेपाचला शेवटचं कार्ड निघालं.

तातोबांनी गठ्ठा दोन्ही हातांनी टेबलावर ठोकून सारखा केला. मग खिशातून कागदाची छोटी पुडी काढली, करंगळी बुडवली आणि पहिल्या कार्डाच्या कोपऱ्यावर कुंकवाचं एकच बारीकसं बोट टेकवलं.

"ही मातुर पूजा, देवाची," म्हणाले आणि बिडी ओढायला बाहेर गेले.